वरच्या मापकावरचं शून्य

प्रिय अगं,

असा मायना कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही, ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांत तुला हाक मारली ती 'अगं' म्हणून, आणि तू मला 'अहो' म्हणून. आत्ता नाव लिहायला गेलो तर हात अडखळला. वाटलं, हे पत्र भलत्याच कुणा बाईला चाललंय. ऑफिसात सगळे तुला 'वरच्या ताई' म्हणतात. सकाळ झाली की एकच घोष, 'वरच्या ताईंचा आकडा आला का?' मीही तसं म्हणू लागलो तर पंचाईत व्हायची. तेव्हा 'अगं'च बरं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघं फार शहाण्यासारखं बोलतो. तू विचारतेस, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. मी विचारतो, छपराची गळती थांबली का. तू म्हणतेस, थांबली. मग दोघंही 'बरं' म्हणतो, आणि त्या 'बरं'नंतर थोडा वेळ कुणीच फोन ठेवत नाही. त्या थोड्या वेळात जे असतं ना, ते लिहायला आज बसलोय. रविवारची दुपार आहे. खिडकीतून ऊन टेबलाच्या निम्म्यापर्यंत आलंय, तुझ्या शिवणयंत्राच्या झाकणावर मी कागद ठेवलाय, कारण टेबलावर माझ्या नकाशांनी जागाच ठेवली नाही. तू असतीस तर एवढ्यात त्यांची गुंडाळी होऊन ती कपाटावर गेली असती.

घर ठीक आहे. डब्यांवर तू चिकटवलेल्या चिठ्ठ्या अजून आहेत, फक्त लिहिलंय ते आत नसतं. साखरेच्या डब्यात सध्या तांदूळ आहेत. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, 'भाऊजी, तुमच्याकडे चहाला यायचं म्हणजे धाडसच आहे.' त्या अधूनमधून भाजी आणून देतात, खालचे निवृत्त कंडक्टर बिलं भरायला जाताना माझंही बिल घेऊन जातात. लेक आठवड्यातून दोनदा फोन करते. परवा चिडून म्हणाली, 'पप्पा, आईला काय सांगायचं ते आईलाच सांगा. मी काय तुमची निरोप्या आहे?' मी म्हटलं, तसं नाही गं. ती म्हणाली, 'तसंच आहे. आणि तिकडून आईपण तेच करते.' हे ऐकून मला बरं वाटलं, हे तिला सांगितलं नाही.

सकाळी आंघोळ झाली की देवापुढे हात जोडून बसतो, पूर्वीसारखाच. मागणं काही नसतं. तू शेजारी बसायचीस तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. हल्ली उघडेच ठेवतो. मिटले की शेजारी तू असल्यासारखी वाटतेस, आणि मग ते उघडावे लागतात.

आता कामाची बातमी. ती तुला माझ्याकडूनच कळायला हवी. तुझ्या अंगणातल्या पर्जन्यमापकाच्या जागी आपोआप नोंद करणारं यंत्र बसवायचं, असा प्रस्ताव आलाय. बसवावं की नाही, यावर अभिप्राय माझा हवा. फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा थंडी होती. आता पंखा लावतो. मॅडम दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, 'खालच्या चार मापकांची मतं तुम्ही एका दुपारी दिलीत. हा एकच असा काय नाजूक आहे?' रडारवाला पलीकडून म्हणाला, 'मॅडम, तो त्यांच्या सासुरवाडीचा आहे. सासरच्या वस्तूला हात लावताना विचार करावा लागतो.' सगळे हसले. मीही हसलो आणि फाइल पुन्हा ढिगाखाली सरकवली.

तुला माहीत आहे मी का थांबलो ते. तुझ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू थोड्या दिवसांसाठी म्हणून वर गेलीस. त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. बाबांना अंथरुणावरून अंगणातलं मापक दिसावं म्हणून तू त्यांची खाट खिडकीशी नेलीस, आणि त्यांच्याऐवजी रोज सकाळी तू माप घेऊ लागलीस. मग बाबा गेले. त्यालाही आता वर्ष होत आलं. मी विचारलं, कधी येतेस. तू म्हणालीस, 'मापक कोण बघणार?' मी म्हटलं, 'तेही खरंच.' त्या दोन वाक्यांवर आपण सबंध वर्ष काढलं. यंत्र बसलं की तुझं वाक्य संपतं आणि माझंही. मग तू आलीस तर आलीस. नाही आलीस तर मला कळेल, की मापक हे कारण नव्हतंच. म्हणून फाइल ढिगाखाली होती.

त्या मापकापाशीच आपण पहिल्यांदा भेटलो, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. मी नवा होतो, तपासणीला आलो होतो. बाबा पोस्टातून यायचे होते, म्हणून काचेचं मोजपात्र तू आणून दिलंस. मी नळकांड्यातलं पाणी त्यात ओतलं आणि उभ्याउभ्या आकडा वाचला. तू तोंडावर पदर धरलास. मी विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, 'अहो, वाकून बघा. उभ्यानं बघितलं की पाऊस जास्त दिसतो.' मी गुडघ्यावर आलो, डोळा पाण्याच्या रेषेला लावला, आणि काचेतून पलीकडे तू दिसलीस, जराशी फुगलेली, पण हसत होतीस. आकडा काय होता ते त्या दिवशी मी लगेच विसरलो, आणि तुलाच विचारून लिहिला. मग तू ते पाणी डाळिंबाच्या मुळाशी ओतलंस. मोजून झालेलं पाणी फेकायचं नाही, असा बाबांचा नियम होता. तो पाऊस आधी आकाशाचा, मग सरकारचा आणि शेवटी डाळिंबाचा, असं ते म्हणायचे.

माझं काम तसं सोपं आहे, तू नेहमी म्हणतेस तसं. नदीला मिळणारं सगळं पाणी जिथून येतं तो सगळा मुलूख कागदावर काढायचा. त्यावर मापकं मोजकीच. मधल्या मधल्या रानात, उतारावर, ओढ्यावर किती पडला हे कुणी पाहिलेलं नसतं. मग दोन मापकांच्या मधोमध रेघ मारायची, आणि ठरवायचं, रेघेच्या अलीकडचा पाऊस याचा, पलीकडचा त्याचा. प्रत्येक मापकाला असा एक तुकडा मिळतो. खाली गावागावांत मापकं आहेत, म्हणून तिथले तुकडे रुमालाएवढे. वर डोंगरात तू एकटीच. तुझा तुकडा बघशील तर हसशील. जवळजवळ सगळं वरचं अंग तुझ्या नावावर आहे. तुझ्या वीतभर तोंडाच्या नळकांड्यात जे पडतं, तेच त्या सबंध डोंगरावर पडलं असं आम्ही धरतो. त्यावरून खाली नदी किती चढेल ते मॉडेल सांगतं, आणि त्यावरून काठच्या वस्तीला उठायला सांगायचं की झोपू द्यायचं ते ठरतं. एवढा भार एका आकड्यावर टाकणं बरं नाही. पण दुसरं कुणी तिथं नव्हतं.

मग तो दिवस. त्याबद्दल आपण नंतर एकदाच बोललो, आणि मी इतकं नीट समजावून सांगितलं की सगळं बिघडलं. पाऊस लागून राहिला होता. बाबा पहाटे गेले. तुला आकडा पाठवायचं भान कुठून असणार? पण आमच्याकडे एखादा आकडा आला नाही तर मॉडेल अडून राहू नये, म्हणून आजूबाजूच्या मापकांवरून तो आपोआप भरला जायचा. जवळच्याचा वाटा जास्त, लांबच्याचा कमी. मी सकाळी पडद्यापाशी बसलो. तुझ्या जागी आकडा होता, नेहमीसारखा, वावगा काही नाही. मी मनात म्हटलं, चला, वर सगळं ठीक आहे. चहा प्यायलो. रडारवाल्याशी क्रिकेटवर वाद घातला. घाट बंद, तुमच्याकडचा फोनचा खांब पडलेला. दुपार कलल्यावर तुझ्या चुलतभावाचा फोन लागला तेव्हा कळलं.

मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तू ओसरीवर बसली होतीस. मला वाटलं रडशील. तू म्हणालीस, 'मला वाटलं, आकडा आला नाही हे बघून तरी तुम्ही निघाल.' आणि मी, गाढव, तुला हिशेब सांगत बसलो. आकडा कसा भरला जातो, शेजारच्या मापकांचा वाटा कसा काढतात, तो किती जवळपास बरोबर येतो. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, 'म्हणजे मी नसले तरी तुमचं चालतं.' मी म्हटलं, चालतं तसं. मॉडेलबद्दल म्हटलं गं. तू उठून आत गेलीस.

त्यावर मी वर्षभर विचार करतोय. तुझ्याइतका झटकन विचार मला जमत नाही. आमच्या शाळेत दोन खोल्यांत सगळे वर्ग बसायचे, एका वर्गाचं उत्तर ऐकून दुसऱ्या वर्गाला प्रश्न कळायचा. तिथंच गुरुजींनी आम्हाला सरासरी शिकवली. सगळ्यांना भिंतीला उभं करून खडूनं खुणा केल्या, बेरीज केली, भागाकार केला, आणि आलेल्या उंचीवर एक लांब रेघ ओढली. मग म्हणाले, 'आता या उंचीचा जो असेल त्यानं पुढं या.' कुणीच गेलं नाही. सगळे खाली तरी नाहीतर वर तरी. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. गुरुजी म्हणाले, 'हा जो पुढे आला नाही ना, तो लक्षात ठेवा.' मला तेव्हा ते गंमत वाटलं. आता वाटतं, गेलं वर्षभर मी त्याच पोराबरोबर राहतोय. काकूंची भाजी, कंडक्टरांनी भरलेलं बिल, लेकीकडून कळलेली तुझी खुशाली. सगळ्यांचा थोडाथोडा वाटा धरून दिवस भरतो. बाहेरून बघणाऱ्याला आकडा नेहमीसारखाच दिसेल.

एक गोष्ट मी केली. तुला सांगितली नाही, कारण फोनवर ती फारच ऑफिसची वाटली असती. आता आमच्याकडे कुठल्याच मापकाची जागा परस्पर भरली जात नाही. आकडा आला नाही तर पडद्यावर ती जागा कोरी राहते आणि लाल होते. आधी तिथल्या माणसाला फोन करायचा, फोन नाही लागला तर शेजारच्या गावात करायचा, माणूस बरा आहे ना विचारायचं, मगच अंदाजाचा आकडा घालायचा. रडारवाला कुरकुरतो. 'आपण पूर सांगायला बसलोय की ख्यालीखुशाली विचारायला?' पण परवा खालच्या एका मापकाची जागा लाल झाली, आणि रडारवाल्यानंच फोन केला. तिथले आजोबा तापानं फणफणले होते. हा अर्धा तास त्यांना काढा कसा घ्यायचा ते सांगत होता.

हल्ली तुझ्याकडून रोज शून्य येतं. पावसाळा अजून लागायचा आहे, येणारच. ऑफिसातला नवा मुलगा मला म्हणाला, 'काका, वरच्या ताई उन्हाळ्यातपण कशाला पाठवतात? पाऊस नाही हे माहीतच आहे की.' मी त्याला सांगितलं, शून्य आणि कोरं यांत फरक आहे बाबा. कोरं म्हणजे कुणी पाहिलंच नाही. शून्य म्हणजे कुणीतरी सकाळी उठून, अंगणात जाऊन, वरचं नरसाळं काढून, वाकून पाहिलं, आणि काही नव्हतं. तो मान डोलावून गेला. मी तुझ्या शून्याकडे बघत बसलो. सकाळी तू उठलीस, अंगणात गेलीस, वाकलीस. तेवढं मला रोज कळतं. तेवढ्यावर माझा दिवस उभा असतो, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आणि म्हणूनच फाइल वर काढणं जड गेलं. यंत्राला रोजची सकाळ नसते. त्यात दोन छोट्या वाट्या आहेत, तराजूसारख्या. एक भरली की कलंडते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलंडण्याची खबर त्याच क्षणी आमच्याकडे. पाणी खालून निघून जातं. पण खोटं कसं बोलू? मागच्या पावसाळ्यात तुझा आकडा अगदी बरोबर होता आणि तरी आम्ही चुकलो, आठवतं ना? दिवसभराचा पाऊस दोन तासांत कोसळला होता. तू सकाळी सांगितलंस तो किती पडला ते. कधी पडला ते नळकांडं कसं सांगणार? आमचा इशारा जाईपर्यंत काठच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं होतं. माणसं वाचली ही देवाची कृपा. मी तिथं गेलो तेव्हा एक बाई शिवणयंत्र डोक्यावर घेऊन पाण्यातून येत होती. अगदी तुझं आहे तसं, हातानं फिरवायचं. ते सारखं आठवत राहिलं, आणि शेवटी तुझ्या-माझ्या दोन वाक्यांसाठी ती फाइल ढिगाखाली ठेवणं मला देवापुढे बसून जमेना. शुक्रवारी अभिप्राय लिहिला. यंत्र बसवावं.

आता जे खरं लिहायचंय ते. नवीन यंत्र आलं म्हणून जुनं मापक लगेच काढत नाहीत. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून सबंध एक पावसाळा बघावं लागतं. दोघांचं कधीच तंतोतंत जुळत नाही, जुळावं अशी अपेक्षाही नसते. एक जरा कमी सांगतं, एक जरा जास्त, आणि किती कमी, किती जास्त, कुठल्या वाऱ्यात, हे समजून घेतलं की दोघांवरही विसंबता येतं. त्यासाठी ऑफिसचा एक माणूस तिथं मुक्कामाला लागतो. डोंगरात सबंध पावसाळा राहायला कुणी तयार नसतं. अभिप्रायाच्या कागदावर त्या माणसाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, 'सबंध पावसाळा? घरी विचारलंत का?' मी म्हटलं, 'घरीच विचारायचंय.' म्हणून हे पत्र. इतकी वर्षं तुला विचारत आलो, तू कधी येतेस. मी येऊ का, असं एकदाही विचारलं नाही. ते आज विचारतो. बाबांची खिडकीजवळची खाट चालेल, किंवा ओसरी. पावसाळा सरला की पुढचं काय ते तेव्हा बघू, त्याबद्दल आत्ता काही मागत नाही. सकाळी तू यंत्र बघ, जुनं मापक मी बघीन. गुडघे कुरकुरतात आता, पण वाकून बघीन, आणि पाणी डाळिंबालाच घालीन. नको असेल तर तसं लिही. मी तुझ्यावर रागावणार नाही, त्या नव्या मुलाला पाठवीन, पोरगा चांगला आहे. तुझं 'नको' मला चालेल गं. शून्यही आकडाच असतो. फक्त जागा कोरी ठेवू नकोस.

तुझाच,
अहो